समजा

फॉर्ममागे पस्तीस रुपये,
टॅबचं चार्जिंग ज्याचं त्यानं बघायचं.
पुण्याच्या साहेबांनी एकच बजावलं होतं :
काही गाळा, ‘समजा’ गाळू नका.

समजा, उद्याच निवडणूक लागली.
समजा, विट्याच्या नगराध्यक्षपदाला
एकीकडे अरविंद भिंगारदेवे
आणि समोर शैलजा तारळेकर,
तर तुमचं मत?

निवडणुकीला तीन वर्षं आहेत.
दोघांपैकी एकानंही उभं राहतो म्हटलेलं नाही.
प्रश्न सातपासून जोड्या बदलतात :
भिंगारदेवे आणि लाड सर,
लाड सर आणि तारळेकर.
पैलवान आपापल्या घरी झोपलेत
आणि मी भर उन्हात
एकटीच मैदानात कुस्त्या नेमत फिरते.

मागाच्या शेडमध्ये ‘समजा’ ऐकूच जात नाही.
खटखटीतून पलीकडे पोचतं
ते नुसतं ‘निवडणूक लागली’.
शफीक मुलाणी तुटला धागा गाठवत म्हणाला,
"कधी? आन् आमाला कसं न्हाई कळलं?"
मी ओरडले, समजा! अहो, समजा!
तो म्हणाला, "समजलं की."
नोंद केली : सांगता येत नाही.

मायणी रस्त्याला एका बाईंनी
भिंगारदेवे म्हणजे त्यांचे वडील धरले.
नळ त्यांनीच आणला आमच्या गल्लीत, म्हणाल्या,
दुसऱ्या कुणाला कशाला द्यायचं?
वडील जाऊन अकरा वर्षं झाली.
मी मत लिहून घेतलं.
फॉर्मला मयताचा रकाना नाही.

धोंडीराम निकम तीस वर्षं त्रिचूरला गलाईत होते.
आता ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचा टंच काढतात.
"किती माणसं इचारणार?"
चारशे.
"गावात हायेत किती?"
मी सांगितलं.
हसले नाहीत. म्हणाले, थोडक्यात कळतं,
तोळ्याचं काय, किलोच्या लगडीचंबी कळतं.
एक कण वरच्या कोपऱ्यातनं घ्यायचा,
एक खालच्या, उलट्या अंगाचा.
"पर पोरी, लगड झाल्यावर.
आत्ता ही समदी मोड हाय.
कुणाची नथ, कुणाचं तुटकं डोरलं, कुणाचं पितळ.
भट्टी पेटू दे. वितळू दे.
मग काढ तुझा कण."
आणि मत?
"लिव्ह, म्हातारा भट्टीची वाट बघतोय."
एवढं लिहायला जागा नव्हती.

संध्याकाळी शेवटचं दार,
यादीप्रमाणे दर सातवं घर.
हात पिठाचे. केस वर बांधलेले.
मी सवयीनं सुरू केलं,
समजा, एकीकडे अरविंद भिंगारदेवे
आणि समोर शैलजा...
त्या म्हणाल्या, "मीच ती."

खरं तर फॉर्म तिथंच थांबवायचा असतो.
त्यांनी टॅब घेतला, मनगटानं, पीठ न लावता,
आणि स्वतःचं नाव
दुसऱ्याचं असल्यासारखं दोनदा वाचलं.
"कुणी घातलं हे?"
मला माहीत नाही.
"मी उभी राहणार म्हणून कुणी सांगितलं?"
कुणीच नाही. समजा म्हटलंय.
आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.
त्यांना ऐकू आली नाही.
"लोक काय म्हणतायत?"
ते सांगायचं नसतं.
"बरं. माझं लिही, सांगता येत नाही."

तारळेकर एक्केचाळीस, भिंगारदेवे अडतीस,
उरलेल्या एकवीसात
मागाचा आवाज आहे, न पेटलेली भट्टी आहे,
आणि पिठाच्या हातांची एक बाई.

पैसे अजून आले नाहीत.
बाजारात मात्र त्या दिसल्या परवा.
कोथिंबीरवालीला पाहून
आधी नुसती मान हलवली.
चार पावलं पुढं गेल्या.
मग परत फिरल्या,
पिशवी खाली ठेवली
आणि दोन्ही हात जोडले.